१२ जानेवारी : चार हुतात्म्यांभोवतीचे गैरसमज

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरींच्या कारखान्यांत १२ जानेवारी जवळ आली की मोबाइलवर एकच चित्र फिरू लागतं. जिजाऊ, विवेकानंद आणि सोलापूरचे चार हुतात्मे. खाली एक ओळ असते : झेंडा फडकवला म्हणून मार्शल लॉखाली चौघांना सोलापुरात फाशी झाली. भावना खरी आहे, पण या ओळीत तीन चुका आहेत.

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली ती पुण्याच्या येरवडा तुरुंगात. मार्शल लॉ तर ३० जून १९३० लाच उठला होता, म्हणजे फाशीच्या सहा महिने आधी. आरोप झेंड्याचा नव्हता, पोलिसांच्या खुनाचा होता. घोटाळा कशामुळे झाला तेही उघड आहे : मार्शल लॉच्या दिवसांत झेंडा लावणाऱ्यांना खरोखरच जबर शिक्षा झाल्या. त्या आठवणी आणि फाशीची आठवण पुढे एकमेकींत मिसळल्या. पण झेंड्यासाठी फाशी म्हटलं की खुनाचा खटलाच नजरेआड होतो. सोलापूरकरांनी या चौघांना कायम निर्दोष मानलं. ते का मानलं, हे समजायला तो खटला आठवावाच लागतो.

या सगळ्याचं मूळ मे महिन्यात आहे. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटलं. ८ मे रोजी रूपाभवानी परिसरात सत्याग्रह म्हणून शिंदीची झाडं तोडायला लोक जमले. पोलिसांनी गोळीबार केला, त्यात शंकर शिवदारे हा तरुण मारला गेला. खवळलेल्या जमावाने पोलीस चौकी जाळली, पोलीस ठार झाले. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला.

मधल्या ९, १०, ११ मे या दिवसांविषयी 'सोलापुरात स्वतंत्र सरकार स्थापन झालं' असं सांगतात. तशी घोषणा कुणी केली नव्हती. पोलीस शहरातून निघून गेले आणि काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी बंदोबस्त व वाहतूक सांभाळली. मला हे जास्त मोठं वाटतं. सरकार नसताना गिरणगावाने स्वतःला सावरलं.

याच दिवसांत ऐकू येणारी आणखी एक समजूत म्हणजे संक्रांत १४ जानेवारीलाच येते. चित्रातले विवेकानंदच ती खोडून काढतात. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकरसंक्रांतच होती. सूर्याचा मकर राशीतला प्रवेश इंग्रजी तारखेच्या हिशेबात साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतो, म्हणून ती आता १४ किंवा १५ ला येते. सोलापूरकरांना हे ठाऊक असायला हवं, कारण सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा संक्रांतीवरच बेतलेली आहे. चित्रातल्या जिजाऊंची १२ जानेवारी १५९८ ही जन्मतारीख मात्र परंपरेने मानली जाते.

या चित्रात एक नाव क्वचितच दिसतं : सूर्य सेन. त्यांना १२ जानेवारी १९३४ रोजी चितगावला फाशी झाली. त्यांच्या साथीदारांनी तिथल्या शस्त्रागारावर छापा घातला तो १८ एप्रिल १९३० ला, सोलापूरच्या गोळीबाराआधी जेमतेम तीन आठवडे.