निर्जन बूव्हे आणि नगरचा काळा पाषाण

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर ज्या काळ्या पाषाणाचे आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या रूपाने भूगर्भातून वर आला. भारतीय भूखंड तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता. त्याच गोलार्धात, आणखी कितीतरी खाली, ५४ अंश अक्षांशावर ज्वालामुखीनेच घडवलेले एक बेट आज उभे आहे. बूव्हे हे त्याचे नाव. वयाने मात्र ते कळसूबाईपुढे अगदीच कोवळे! सह्याद्रीत लाव्ह्याचे थरावर थर पसरले. बूव्हे हा एकाच ज्वालामुखीचा समुद्राबाहेर आलेला माथा आहे.

नगर जिल्ह्याचा विस्तार १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक, तर या बेटाचा अवघा ४९. त्यातील नऊ दशांशाहून जास्त भाग बर्फाखाली. सर्वांत जवळची भूमी म्हणजे सुमारे १७०० किलोमीटरवरील अंटार्क्टिकाचा राणी मॉड प्रदेश. भारताचे ‘मैत्री’ संशोधन केंद्र १९८९ पासून याच प्रदेशात आहे.

१ जानेवारी १७३९ रोजी फ्रेंच दर्यावर्दी बूव्हे यास धुक्यातून हे बेट दिसले. दक्षिण खंडाचेच टोक सापडले, असा त्याचा समज झाला. समुद्रावर रेखांश अचूक मोजणारी घड्याळे तेव्हा नव्हती; त्याने नोंदवलेले स्थान चुकीचे ठरले. पुढे कॅप्टन कुकसारख्या निष्णात नाविकालाही बेट सापडले नाही. १८०८ मध्ये ते पुन्हा दृष्टीस पडेपर्यंत जवळजवळ सत्तर वर्षे ते ‘हरवलेले’ होते. १९२७ मध्ये नॉर्वेने तेथे आपला ध्वज रोवला.

बेटाभोवती उभे कडे व हिमनद्यांच्या भिंती असल्याने नौका लावणे दुष्कर. १९५५ ते १९५८ च्या दरम्यान पश्चिम किनाऱ्यावर मोठी दरड कोसळली आणि समुद्रालगत सपाट पट्टी तयार झाली. माणसांच्या आधी ती उपयोगी पडली पेंग्विन आणि सीलना. कातड्यासाठी माणसाने ज्यांची कत्तल केली होती, त्या फर सीलचे प्रजनन आज तेथे होते. १९७१ मध्ये संपूर्ण बेट संरक्षित निसर्गक्षेत्र घोषित झाले. संशोधकांसाठी त्याच पट्टीवर १९९६ मध्ये उभारलेली निवारा-खोली २००६ च्या भूकंपाने खिळखिळी झाली व नंतर वादळात वाहून गेली. नवे केंद्र उभे राहण्यास २०१४ साल उजाडावे लागले.