निवृत्तिवेतनाच्या वहीबाहेरचे सैनिक

माजी सैनिकांचा प्रश्न म्हणजे जंतरमंतर, असे समीकरण राजधानीच्या राजकारणात गेल्या दशकात पक्के झाले. जून २०१५ मध्ये ‘वन रँक, वन पेन्शन’साठी माजी सैनिक तेथे धरणे धरून बसले, नोव्हेंबरात सरकारने अधिसूचना काढली आणि १ जुलै २०१४ पासून ती लागू मानली गेली. १९७३ मधील तिसऱ्या वेतन आयोगानंतर सैनिकांच्या निवृत्तिवेतनाला लागलेली कात्री, तिच्याविरुद्ध चाललेला चार दशकांचा लढा, राज्यसभेच्या याचिका समितीचे अध्यक्ष म्हणून भगतसिंह कोश्यारी यांनी २०११ मध्ये दिलेला अनुकूल अहवाल (हेच कोश्यारी पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले) आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या योजनेवर उमटवलेली मोहोर, हा सारा इतिहास येथील वाचकाच्या परिचयाचा आहे. मात्र हा लढा ज्यांना निवृत्तिवेतन मिळते त्यांचा होता. ते किती असावे, एवढाच वाद होता. ज्यांना ते मिळतच नाही, त्या माजी सैनिकाची बाजू त्या मांडवात फारशी कोणी मांडली नाही आणि संरक्षण मंत्रालयाच्या नजरेसही तो क्वचितच पडतो.

मेख आहे ती पंधरा वर्षांच्या अटीत. जवानाला पंधरा वर्षांची आणि अधिकाऱ्याला वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झाल्याखेरीज सेवानिवृत्तिवेतन लागू होत नाही. ही अट पूर्ण करून दरवर्षी सुमारे ६० हजार जण सैन्यदलांतून बाहेर पडतात. त्यांतले बहुतेक ऐन उमेदीच्या वयातले असतात. मुले शाळेत आहेत, गावाकडचे घर अर्धवट बांधून पडले आहे, अशा अवस्थेत त्यांना दुसरी नोकरी शोधावी लागते. त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत, पण त्यांची नोंद सरकारदरबारी आहे. ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर आज ३० लाखांहून अधिक संरक्षण निवृत्तिवेतनधारक आहेत आणि त्यांच्यासाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात १ लाख ६० हजार कोटी रुपयांहून अधिक तरतूद होती. त्या यादीत नाव असलेला माणूस हरवत नाही. किमान दरवर्षी हयातीचा दाखला देण्यापुरती तरी सरकारला त्याची आठवण राहते.

यादीबाहेरच्यांची जात एक नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सुमारे २५ लाख हिंदी सैनिक गणवेशात होते; युद्ध संपताच त्यांतील लाखो जणांना घरी धाडण्यात आले आणि निवृत्तिवेतनाविना त्यांची उभी हयात गेली. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर घाईघाईने भरती झालेले ‘इमर्जन्सी कमिशन’चे अधिकारी काही वर्षांतच मोकळे केले गेले. त्यांच्यासाठी प्रशासकीय आणि पोलिस सेवांत जागा राखल्या गेल्या होत्या, हे मुद्दाम सांगायला हवे. अल्पमुदतीच्या सैनिकाचे पुढे काय करायचे याचा विचार या देशाने पूर्वी एकदा केला होता. तरीही २००३ मध्ये सुरू झालेल्या माजी सैनिक आरोग्य योजनेची दारे या अधिकाऱ्यांना आणि महायुद्धातील वृद्धांना उघडायला २०१९ साल उजाडावे लागले. तोवर त्यांतले किती उरले होते?

सर्वांत बिकट स्थिती वैद्यकीय कारणाने घरी पाठवलेल्यांची. मेडिकल बोर्डासमोर उभ्या राहिलेल्या जवानाच्या पुढच्या आयुष्याचा निकाल एका प्रश्नावर ठरतो : त्याचा आजार लष्करी सेवेमुळे उद्भवला वा बळावला, की सेवेशी त्याचा संबंध नाही? पहिल्या उत्तराला अपंगत्व निवृत्तिवेतन आहे. दुसऱ्या उत्तरानंतर, सेवा दहा वर्षांहून कमी भरली असेल तर, वर्षानुवर्षे एकरकमी ग्रॅच्युइटी हातावर ठेवून त्याची बोळवण होत असे. मनाच्या विकारांबाबत तर हा प्रश्न आणखी कठीण. भरतीच्या वेळी धडधाकट ठरलेला तरुण सीमेवरच्या एकाकी ठाण्यातून भ्रमिष्ट होऊन परतला, तर दोष त्याच्या प्रकृतीचा की ठाण्याचा, हे कोणत्या तपासणीत दिसणार?

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या धरमवीर सिंह खटल्यात या वादाला एक दिशा दिली. भरतीच्या वेळच्या नोंदीत आजार नसेल, तर तो सेवेतच उद्भवला असे गृहीत धरावे आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारने घ्यावी, असे त्या निकालाचे सार आहे. तरीही सरकार एकेका जवानाविरुद्ध अपिलात जातच राहिले. अखेर संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी २०१५ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली. सरकार आपल्याच सैनिकांशी इतके का भांडते आणि हे खटले कमी कसे करावेत, हाच तिच्यापुढचा विषय होता. असा प्रश्न अधिकृतपणे विचारला जाणे हेच मुळात मोठे होते, असे आम्हांस वाटते. अपिले मात्र थांबली नाहीत.

२०२० च्या जुलैत मंत्रालयाने एक पाऊल पुढे टाकले. सेवेशी संबंध नसलेल्या कारणाने कायमचा निकामी झालेल्या सैनिकाला दहा वर्षांच्या आतही ‘इन्व्हॅलिड पेन्शन’ देण्याचा निर्णय झाला. परंतु तो ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांपुरताच. त्याच्या आदल्या दिवशी बाहेर पडलेला जवान वहीबाहेरच राहिला. आर्थिक भाराची चिंता अर्थ खात्याला असणारच. पण अपंगत्वाला तारीख लावण्याची ही रीत आपल्या नोकरशाहीलाच सुचू शकते.

हाच खेळ खडकवासल्याच्या प्रबोधिनीत दिसला. प्रशिक्षणादरम्यान जायबंदी होऊन बाहेर पडलेला छात्र कमिशन मिळण्यापूर्वीच जखमी झाला, म्हणून तो नियमांच्या भाषेत माजी सैनिक ठरत नव्हता. त्याला उपचारांची योजना नव्हती, होते ते केवळ मासिक सानुग्रह अनुदान. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून याची दखल घेतली आणि त्याच महिन्यात सरकारने या छात्रांना आरोग्य योजनेत सामावून घेतले. अनेक वर्षे अडून बसलेली फाइल न्यायालयाने डोळे वटारताच काही दिवसांत हलली.

निवृत्तिवेतनाविना म्हातारा झालेल्या जवानाला सरकार काहीच देत नाही, असे नाही. हवालदार वा त्याखालच्या हुद्द्याचा, निवृत्तिवेतन नसलेला आणि नियमित उत्पन्न नसलेला माजी सैनिक ६५ वर्षांचा झाला की त्याला ‘पेन्युरी ग्रँट’, म्हणजे दारिद्र्य अनुदान मिळते. विधवेलाही ते मिळते. दरमहा ४ हजार रुपयांचे हे अनुदान ऑक्टोबर २०२५ मध्ये ८ हजार करण्यात आले. मुलांच्या शिक्षणाची आणि विवाहाची मदतही त्याच वेळी दुप्पट झाली. तिन्ही मिळून वर्षाला सुमारे २५७ कोटींचा खर्च अपेक्षित आहे. वाढ स्वागतार्ह आहे. पण हे पैसे येतात ते ध्वजदिन निधीतून, म्हणजे १९४९ पासून दर ७ डिसेंबरला तुम्ही-आम्ही खिशावर छोटा झेंडा लावून डब्यात टाकतो त्या वर्गणीच्या गंगाजळीतून. एकाचे निवृत्तिवेतन अर्थसंकल्पातून येते आणि तो त्याचा हक्क असतो. दुसऱ्याचे अनुदान देणगीतून येते आणि ती मदत असते. शिवाय वयाची अट आहेच. अठ्ठाविसाव्या वर्षी घरी पाठवलेल्या जवानाने या ८ हजारांसाठी आणखी ३७ वर्षे कशी काढायची, याचे उत्तर या योजनेत नाही.

असे किती जण आज रस्त्यावर आहेत? अमेरिकेत दर जानेवारीत एका रात्री बेघरांची शिरगणती होते आणि तीत माजी सैनिक वेगळे मोजले जातात. २०१० मध्ये तो आकडा सुमारे ७४ हजार होता, २०२४ मध्ये तो ३३ हजारांच्या आसपास आला. घरबांधणी खात्याने भाड्याचे कुपन द्यायचे आणि माजी सैनिक खात्याने सोबत एक समाजसेवक नेमायचा, अशी जोडयोजना तेथे राबवली गेली. युद्धे करण्याची खोड असलेल्या त्या देशाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण मोजले म्हणून त्यांना घटवता आले. आपल्या २०११ च्या जनगणनेत १७ लाख ७० हजारांहून अधिक बेघर आढळले. त्यांत पूर्वी गणवेश घातलेले किती, हे प्रश्नावलीत विचारलेलेच नव्हते. आपल्याकडे असा माणूस बहुधा पदपथावर येत नाही, भावाच्या ओसरीवर राहतो. त्यामुळे तो बेघरही ठरत नाही आणि निराधारही.

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला रामकृष्णपुरमचे सरकारी ‘वेस्ट ब्लॉक’ परके नाहीत. केंद्रीय सैनिक मंडळ, पुनर्वसन महासंचालनालय आणि सैन्यदल न्यायाधिकरणाचे मुख्य पीठ, माजी सैनिकाच्या तिन्ही वाऱ्या अनेक वर्षे याच परिसरात घडत आल्या आहेत. महासंचालनालयाच्या योजनांतून कोणाला मदर डेअरीचा बूथ मिळतो, कोणाला सीएनजी पंपाचे व्यवस्थापन. सर्वाधिक जण मात्र सुरक्षारक्षक होतात. केंद्रीय नोकऱ्यांत ‘क’ गटात दहा आणि सार्वजनिक उपक्रमांत साडेचौदा टक्के जागा राखीव आहेत, त्या पूर्ण भरल्या जात नाहीत ही जुनीच रड आहे.

खरी कसोटी जिल्ह्यात लागते. जिल्हा सैनिक मंडळाचा पदसिद्ध अध्यक्ष जिल्हाधिकारी असतो, आणि या पानाच्या वाचकांत निरनिराळ्या राज्यांच्या केडरमधील मराठी अधिकारी पुष्कळ आहेत. मंडळाची बैठक शेवटची कधी झाली, हे त्यांनीच एकदा पाहावे. निवृत्तिवेतन नसलेल्या माजी सैनिकांची गाववार यादी करायला दिल्लीच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर वा कारवार-बेळगाव भागातील गावांत असे म्हातारे कोण आहेत, हे तलाठ्याला आणि पोस्टमनला ठाऊक असते.

हे आताच का बोलायचे, तर अग्निपथ योजनेमुळे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर कायम होतात. बाकीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी घेऊन परततात. त्यांतील निम्मा वाटा त्यांच्याच पगारातून कापलेला असतो. निवृत्तिवेतन नाही, ग्रॅच्युइटी नाही, आरोग्य योजना नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. सेवेमुळे अपंगत्व आले तर त्याच्या प्रमाणात १५, २५ किंवा ४४ लाखांचे एकरकमी अनुदान आहे, मासिक आधार नाही. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांत त्यांना दहा टक्के जागा राखण्याची घोषणा २०२२ मध्येच झाली आणि अनेक राज्यांनीही आश्वासने दिली. ज्यांना नोकरी मिळेल त्यांचे ठीकच आहे. आतापर्यंत यादीबाहेर राहणे हा अपवाद होता. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात, आणि तेव्हापासून दरवर्षी सैन्यातून घरी परतणाऱ्या हजारो तरुणांसाठी तो नियम होणार आहे.

माजी सैनिक कोणाला म्हणावे, हे मुख्यतः १९७९ च्या पुनर्नियुक्ती नियमांत सांगितले आहे. सेवेची ठरलेली मुदत पूर्ण करून, स्वतःच्या विनंतीवरून वा गैरवर्तनामुळे नव्हे, बाहेर पडलेला आणि ग्रॅच्युइटी मिळालेला सैनिक त्या व्याख्येत बसतो. अग्निवीर यांतील ग्रॅच्युइटी वगळता प्रत्येक अट पुरी करतो. व्याख्येत एका शब्दाची भर पडली, तर सैनिक मंडळाची दारे त्याला उघडतील. असे केल्यास राखीव जागांसाठी तो पंधरा वर्षे सेवा केलेल्या जवानाचा प्रतिस्पर्धी होईल, हा आक्षेप निराधार नाही. त्यासाठी दोघांचे कोटे वेगळे ठेवता येतात. हे नियम कार्यकारी अधिकारातले आहेत, त्यांत यापूर्वीही दुरुस्त्या झाल्या आहेत, आणि पुन्हा दुरुस्ती करायची तर संसदेत विधेयक आणावे लागत नाही. कार्मिक विभाग आणि माजी सैनिक कल्याण विभाग यांच्यात एक फाइल फिरली, तरी पुरे.