छायाचित्राची पार्श्वभूमि कशी काढतात

घरांतील वडीलधारें माणूस निवर्तलें म्हणजे भिंतीवर लावण्यासाठीं त्याचें एकट्याचें छायाचित्र हवें असतें, आणि पुष्कळदां तें नसतें. असतें तें कोणाच्या तरी लग्नांतलें. पाठीमागें मांडवाची लाल झालर आणि खांद्यावर व्याह्यांचा हात. पुण्याच्या बुधवार पेठेसारख्या जुन्या वस्तींतील छायाचित्रकाराला अशा चित्रांतून एकच माणूस वेगळा काढून द्यावा लागतो.

ही विद्या संगणकाबरोबर जन्मास आली असें नव्हे. पूर्वीं कांचेच्या निगेटिव्हवर आकृतीच्या भोंवतीं बारीक कुंचल्यानें अपारदर्शक रंग भरीत. त्या भागांतून प्रकाश जात नसल्यामुळें छापतांना तेथें कागद पांढरा राही. छापखान्यासाठीं ठसा करावयाचा असल्यास कारागीर आकृतीबाहेरचा धातु कोरून काढी. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) हा चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके हेही त्यापूर्वीं ठसे व छपाई यांच्याच धंद्यांत होते.

आज फोटोशॉप किंवा विनामूल्य मिळणारें गिंप यांसारख्या साधनांत कुंचल्याचें काम 'मास्क' करतो. प्रथम आकृतीची कड निवडावयाची. नंतर मूळ चित्र न खोडतां त्यावर मास्क घालावयाचा. मास्क जेथें काळा तेथें चित्र लपतें, जेथें पांढरा तेथें दिसतें, आणि जेथें करडा तेथें अर्धवट दिसतें. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सामान्यतः २५६ पायऱ्या असतात.

या पायऱ्यांचें महत्त्व केसांपाशीं कळतें. कोटाची कड एका रेघेनें सुटते; परंतु विरळ केस आणि त्यांमागील मांडव हे एकाच ठिपक्यांत मिसळलेले असतात. तेथें सरळ काप घेतला तर डोकें कात्रीनें कापल्यासारखें दिसतें, आणि ढिला घेतला तर झालरीची लाली केसांना चिकटून राहते. अलीकडे यंत्र स्वतः आकृति ओळखून क्षणांत पार्श्वभूमि दूर करतें. तरीही केस, चष्म्याचीं भिंगें आणि पदराची कड हीं डोळ्यांनीं तपासावींच लागतात.

खांद्यावरील हात काढला म्हणजे त्याखालीं खांदा सांपडत नाहीं, कारण कॅमेऱ्यानें तो टिपलेलाच नसतो. तो दुसऱ्या खांद्यावरून उलटा उतरवून बसवावा लागतो. तेवढा भाग नवा रचलेला असतो, आणि हें घरच्यांना सांगितलेलें बरें.

पारदर्शक पार्श्वभूमीचें चित्र पीएनजी प्रकारांत सांठवावें. जेपीईजी प्रकारांत पारदर्शकता टिकत नाहीं, आणि रिकाम्या जागीं एखादा रंग भरला जातो. मूळ चित्र मात्र निराळें जपावें. भिंतीवरच्या तसबिरींत माणूस एकटा असतो. तो कोणाच्या लग्नांत, कोणाशेजारीं उभा होता, हें पुढच्या पिढीला मूळ चित्रावरूनच कळणार. त्याच्या पाठीवर शिसपेन्सिलीनें नांवें आणि साल लिहून ठेवावें; तीं नांवें ओळखणारीं माणसें घरांत आहेत तोंवरच हें काम होण्यासारखें आहे.