ब्रिटिश राजघराण्याचे जर्मन मूळ

इ.स. १७१४ पासून ब्रिटनच्या गादीवर आलेल्या राजघराण्यांचा पितृवंश जर्मन संस्थानिकांच्या कुळांकडे जातो. हॅनोव्हर (१७१४–१९०१) आणि साक्स-कोबुर्ग-गोथा (१९०१–१९१७) ही दोन घराणी नावानेही जर्मन होती. आजचे विंडसर हे नाव यांपैकी दुसऱ्या घराण्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात धारण केले. हे जर्मन मूळ आक्रमणातून आलेले नसून वारसाहक्काचा कायदा, धर्म आणि राजकुळांतील विवाहपद्धती यांचा तो परिणाम होय.

पूर्वपीठिका

त्याआधीही इंग्लंडचे राजे अनेकदा बाहेरून आलेल्या कुळांतील होते. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणारा विल्यम हा नॉर्मंडीचा ड्यूक होता. ११५४ मध्ये राजा झालेला दुसरा हेन्री हा पितृवंशाने फ्रान्समधील आंजू प्रांताचा होता. ट्यूडर घराण्याचे मूळ वेल्समध्ये होते, तर स्टुअर्ट घराणे स्कॉटलंडहून आले. मात्र जुन्या ॲंग्लो-सॅक्सन राजांचे रक्त पूर्णपणे खंडित झाले नाही. पहिल्या हेन्रीची पत्नी माटिल्डा ही मातृवंशाने वेसेक्सच्या राजकुळातील होती आणि दुसरा हेन्री हा तिचा नातू होता. त्यामुळे त्याच्यानंतरचे सर्व राजे आल्फ्रेड राजाचेही वंशज ठरतात.

हॅनोव्हर घराणे

१६८८ च्या क्रांतीत कॅथलिक राजा दुसरा जेम्स पदच्युत झाला. त्याच्या प्रोटेस्टंट मुली मेरी आणि ॲन यांच्यामागे वारस उरणार नाही, हे स्पष्ट झाल्यावर इंग्लंडच्या संसदेने १७०१ मध्ये वारसा कायदा संमत केला. या कायद्याने गादीचा हक्क हॅनोव्हरची सोफिया आणि तिच्या प्रोटेस्टंट वंशजांना दिला. सोफिया ही पहिल्या जेम्सची नात होती. रक्ताच्या नात्याने अधिक जवळचे पन्नासहून अधिक कॅथलिक वारस यामुळे डावलले गेले.

सोफिया जून १७१४ मध्ये आणि राणी ॲन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मृत्यू पावली. त्यामुळे सोफियाचा मुलगा पहिला जॉर्ज राजा झाला. तो आणि त्याचा मुलगा दुसरा जॉर्ज या दोघांचाही जन्म हॅनोव्हरमध्ये झाला होता. या घराण्यातील ब्रिटनमध्ये जन्मलेला पहिला राजा म्हणजे तिसरा जॉर्ज.

विवाहपद्धती

राजकुळातील व्यक्तीने समान दर्जाच्या कुळातच विवाह करावा, असा संकेत होता. शिवाय १७०१ च्या कायद्यानुसार कॅथलिक व्यक्तीशी विवाह करणाऱ्यास गादीचा हक्क गमवावा लागे. फ्रान्स, स्पेन आणि ऑस्ट्रियाची मोठी राजघराणी कॅथलिक असल्याने निवडीला फारसा वाव नव्हता. जर्मन प्रदेशात मात्र अनेक लहान प्रोटेस्टंट संस्थाने होती. परिणामी पहिल्या जॉर्जपासून चौथ्या विल्यमपर्यंत सर्व राजांच्या कायदेशीर पत्नी जर्मन राजकुळांतील होत्या.

राणी व्हिक्टोरियाची आई कोबुर्ग घराण्यातील होती. व्हिक्टोरियाने १८४० मध्ये त्याच घराण्यातील आपला मामेभाऊ आल्बर्ट याच्याशी विवाह केला. तिचा मामा लिओपोल्ड हा १८३१ मध्ये बेल्जियमचा पहिला राजा झाला होता. व्हिक्टोरियाचा मुलगा सातवा एडवर्ड १९०१ मध्ये गादीवर आला, तेव्हा राजघराण्याला पित्याचे साक्स-कोबुर्ग-गोथा हे नाव लागले.

महायुद्ध आणि नामांतर

एकोणिसाव्या शतकात राष्ट्रवाद वाढल्यावर राजाने राष्ट्राचे प्रतीक असावे, ही अपेक्षा दृढ झाली. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले, तेव्हा राजा पाचवा जॉर्ज आणि जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म हे दोघेही व्हिक्टोरियाचे नातू होते. जर्मन कुळात जन्मलेले बॅटनबर्गचे प्रिन्स लुई यांना ऑक्टोबर १९१४ मध्ये ब्रिटिश आरमाराचे सर्वोच्च पद सोडावे लागले. सामान्य जर्मनांची स्थिती अधिक बिकट होती. अनेकांना नजरकैदेच्या छावण्यांत ठेवण्यात आले आणि मे १९१५ मध्ये लुसिटानिया हे जहाज बुडवले गेल्यानंतर जर्मन नावांच्या दुकानांवर जमावाने हल्ले केले.

जून १९१७ मध्ये 'गोथा' याच नावाच्या जर्मन विमानांनी लंडनवर बॉम्बहल्ला केला. १७ जुलै १९१७ रोजी पाचव्या जॉर्जने जाहीरनामा काढून घराण्याचे नाव विंडसर असे केले. बॅटनबर्ग कुटुंबाने माउंटबॅटन हे नाव घेतले. भारताचे शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन हे उपरोक्त प्रिन्स लुई यांचे पुत्र होत. पाचव्या जॉर्जची पत्नी मेरी हीदेखील पितृवंशाने वुर्टेम्बर्गच्या राजकुळाशी संबंधित होती. मुंबईतील गेटवे ऑफ इंडिया या दांपत्याच्या १९११ मधील आगमनाचे स्मारक आहे.

वंशगणनेच्या मर्यादा

घराण्याचे नाव साधारणतः पितृवंशावरून ठरते. परंतु दहा पिढ्यांमागे प्रत्येक व्यक्तीच्या पूर्वजांची १,०२४ स्थाने असतात आणि पितृवंश त्यांपैकी एकाच स्थानाकडे नेतो. राणी दुसऱ्या एलिझाबेथची आई स्कॉटिश उमराव घराण्यातील होती. तिचे पती प्रिन्स फिलिप जन्माने ग्रीस व डेन्मार्कचे राजपुत्र होते, पण त्यांचे ग्लुक्सबर्ग हे कूळ मूळचे जर्मन. त्यामुळे तिसरे चार्ल्स नावाने विंडसर असले, तरी पितृवंशाने नॉर्वेच्या राजांप्रमाणेच ग्लुक्सबर्ग कुळातील आहेत. म्हणून या घराण्याला केवळ 'जर्मन' किंवा केवळ 'इंग्रज' म्हणणे अपुरे ठरते.