सलाईन नको, गूळपाणी चालेल

१८ जुलै २०१३. टूर द फ्रान्समध्ये आल्प द्यूएझचा घाट चढताना पिवळ्या जर्सीतल्या ख्रिस फ्रूमने हात वर केला. त्याच्या अंगातलं त्राण संपत आलं होतं. सहकारी रिची पोर्ट संघाच्या गाडीपर्यंत मागे गेला आणि जेल घेऊन आला. त्या पट्ट्यात गाडीतून खाणं घ्यायला मनाई होती. दोघांनाही २०-२० सेकंदांचा दंड झाला. फ्रूमने स्वतः गाडीतून काही घेतलं नव्हतं, तरी तो सुटला नाही. आणि ते योग्यच झालं. जेल म्हणजे नुसती साखर, पण त्या चढावर भूक सगळ्यांनाच लागलेली असते.

सायकल शर्यतीत काय खाल्लं याइतकंच कुठे, केव्हा आणि कोणत्या वाटेने शरीरात गेलं, हेही महत्त्वाचं असतं. परभणीत हे आवर्जून सांगायला हवं, कारण अशक्तपणा आला की ‘एक सलाईन लावून घे’ हा आपल्याकडचा ठरलेला सल्ला. जागतिक उत्तेजकविरोधी नियमांनुसार खेळाडूला १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेता येत नाही. रुग्णालयातले खरे उपचार, शस्त्रक्रिया असे मोजके अपवाद आहेत. अर्ध्या लिटरच्या बाटलीत नुसतं मीठ-पाणी असलं तरी तो गुन्हाच ठरतो. शिरेतून भरलेल्या पाण्याने रक्त पातळ होतं आणि रक्तातली लबाडी झाकता येते, म्हणून ही बंदी. सायकलिंगच्या जागतिक संघटनेने तर २०११ पासून गरजेशिवाय सुई टोचण्यालाच मनाई केली आहे.

मग ताकद आणायची कुठून? तोंडावाटे. आतड्यातून ग्लुकोज तासाला साधारण ६० ग्रॅमच आत जातं. फ्रुक्टोजला मात्र वेगळं दार आहे. दोन्ही एकत्र घेतली तर ९० ग्रॅमपर्यंत मजल जाते, आणि सराव असलेले व्यावसायिक त्याही पुढे जातात. महागड्या जेलचं मर्म हेच. साखर आणि गूळ पचताना निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज होतं. पाऊण लिटर पाण्यात ६० ग्रॅम गूळ, लिंबू, चिमूटभर मीठ आणि वर एक केळं, एवढ्यात तासाची बेगमी झाली. ज्वारीची भाकरी आदल्या दिवशी पोटभर खावी, शर्यतीच्या सकाळी नको. तिच्यातला चोथा पोटात जड पडतो. मात्र रोजच्या जेवणात इथल्या कृषी विद्यापीठातून २०१८ मध्ये आलेलं ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं लोह-जस्तयुक्त वाण जरूर असावं. लांब पल्ल्याच्या खेळाडूला लोह लागतंच.

खरा धोका आहे तो व्यायामशाळेबाहेर मिळणाऱ्या बिनओळखीच्या पावडरींचा. डब्यावर न छापलेलं बंदी घातलेलं द्रव्य अंगात सापडलं तरी जबाबदार खेळाडूच. २०२३ मध्ये भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले, त्यांतल्या ३.८ टक्के नमुन्यांत बंदी घातलेली द्रव्यं आढळली. इतक्या नमुन्यांमागे एवढं मोठं प्रमाण दुसऱ्या कुठल्याही मोठ्या देशाचं नव्हतं.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूरमुळे जागतिक दर्जाची टप्प्यांची शर्यत महाराष्ट्राच्या रस्त्यांवर आली. मुंबई-पुणे शर्यतीतल्या ‘घाटाचा राजा’ची आस आपल्या मुलांना आधीपासूनच आहे. पालकांनो, प्रशिक्षकांनो, मुलाच्या हातात पावडरचा डबा देण्याआधी त्याला गूळपाणी पिऊन सायकल चालवायची सवय लावा आणि साध्या थकव्यासाठी त्याला सलाईन लावू देऊ नका.