विंडोज-१० बंद, कॉम्प्युटर मात्र धडधाकट : लिनक्स टाकण्याआधी प्रिंटर अन् वाय-फाय तपासून घ्या

पांढुर्णा/सौंसर : मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज-१० चे नेहमीचे अपडेट थांबवले. घरगुती वापरकर्त्याने नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळते, त्यापुढे काही नाही. विंडोज-११ टाकायचं म्हटलं तर टीपीएम २.० चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. म्हणजे २०१५-१६ साली घेतलेला डबा चांगला चालत असूनही बाद. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या आणि प्रिंट काढून देणाऱ्या छोट्या दुकानदारापुढे मग दोनच वाटा उरतात. नवीन मशीनसाठी तीस-चाळीस हजार काढायचे, नाहीतर त्याच मशीनवर लिनक्स टाकायचं.

लिनक्स फुकट आहे, मिंट किंवा उबंटू शिकायला आठवडाही लागत नाही. एमपी ऑनलाइनचं पोर्टल असो, छिंदवाड्याकडच्या शेताचा खसरा-खतौनी असो की नरखेड-वरूडकडच्या जमिनीचा सातबारा, पान ब्राउझरमध्येच उघडतं. अडतं ते कागद बाहेर काढताना. स्क्रीनवर सगळं दिसतं आणि प्रिंटर ढिम्म.

याचं कारण ड्रायव्हर. कॉम्प्युटर आणि जोडलेलं यंत्र यांच्यामधला तो दुभाषी. विंडोजसाठी हा दुभाषी यंत्र बनवणारी कंपनी स्वतः देते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, आधीपासून भरलेले असतात. त्यामुळे माउस, कीबोर्ड, पेन ड्राइव्ह, इंटेलचं ग्राफिक्स हे सीडी न घालता चालतं. पण एखाद्या कंपनीने आपल्या चिपची माहिती दिलीच नाही, तर स्वयंसेवकांना ती अंदाजाने शोधून काढावी लागते. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळसुद्धा अशाच एका प्रिंटरपायी सुरू झाल्याचं सांगतात. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांना झेरॉक्सच्या लेझर प्रिंटरचा प्रोग्राम दुरुस्त करायचा होता, पण त्याचा सोर्स कोड मिळाला नाही. पंचेचाळीस वर्षं झाली, भांडण अजून प्रिंटरशीच आहे.

आपल्याकडच्या दुकानांत जुने दोन प्रिंटर फार दिसतात. एक एचपी लेझरजेट १०२०. याच्या पोटात स्वतःचा प्रोग्राम कायम राहत नाही. बटण दाबून सुरू केलं की दर वेळी कॉम्प्युटरने तो पाठवावा लागतो. लिनक्समधल्या एचपीलिप या पॅकेजमध्ये ही सोय आहे, पण त्यासाठीचा प्लग-इन एचपीच्या परवान्याखाली असल्याने इंटरनेटवरून वेगळा घ्यावा लागतो. तो घेतला की प्रिंटर झकास चालतो. मात्र एचपीलिपची आवृत्ती बदलली की प्लग-इनही त्याच आवृत्तीचा लागतो. ‘काल चालत होता, अपडेट केलं अन् बंद पडला’ ही तक्रार ऐकली की आधी इथेच पाहावं.

दुसरा कॅननचा एलबीपी २९००. हा जास्त त्रासदायक. तो कॅप्ट नावाची कंपनीची स्वतःची भाषा बोलतो, लिनक्ससाठीचा अधिकृत ड्रायव्हर जुना आहे आणि त्याला ३२-बिटचे जुने भाग लागतात. स्वयंसेवकांनी लिहिलेला ड्रायव्हरही आहे. एक संध्याकाळ त्यावर घालवून पाहावी. नाहीच जमलं तर हट्ट सोडावा, रोज शंभर प्रिंट काढणाऱ्याला हा खेळ परवडत नाही. नवा प्रिंटर घेताना खोक्यावर एअरप्रिंट लिहिलंय का ते बघावं. असे प्रिंटर आताच्या लिनक्सवर बहुधा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात.

वाय-फायची गोष्ट वेगळी. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांच्या चिप असू शकतात, म्हणून ‘माझ्या मित्राच्या याच लॅपटॉपवर चाललं’ या बोलण्याला फारसा अर्थ नसतो. टर्मिनल उघडून इंग्रजी लहान अक्षरांत एलएसपीसीआय, मग जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला लागून एनएनके टाइप करावं. प्रत्येक चिपसमोर चौकटी कंसात एक क्रमांक दिसतो. पहिला भाग ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक, १४ई४ असेल तर ब्रॉडकॉम. खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नसेल तर त्या चिपला ड्रायव्हर मिळालेला नाही. मदत शोधताना लॅपटॉपचं नाव नको, हा पूर्ण क्रमांक टाकावा.

इंटेल बहुधा लगेच चालतं. ब्रॉडकॉमला बऱ्याचदा वेगळा ड्रायव्हर लागतो. रिअलटेकची आरटीएल८७२३बीई ही चिप चालते, पण काही लॅपटॉपांत तिला एकच अँटेना जोडलेला असतो आणि ड्रायव्हर नेमका दुसरा वापरतो. राउटरशेजारी नेट, बाजूच्या खोलीत काही नाही, असं झालं तर ड्रायव्हरमधली अँटेना निवडीची सेटिंग बदलून पाहावी.

आता वाय-फायच नाही तर ड्रायव्हर उतरवायचा कसा? मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करावं. लिनक्स त्याला साध्या नेटवर्क केबलसारखं ओळखतं.

सिक्युअर बूट सुरू असेल तर आणखी एक अडचण येते. वेगळा ड्रायव्हर टाकताना सिस्टिम एक पासवर्ड ठरवायला सांगते, आणि रीस्टार्ट झाल्यावर निळी स्क्रीन येते. घाबरून पहिलाच पर्याय दाबला की सिस्टिम सुरू होते, ड्रायव्हर मात्र बसत नाही. तिथे एन्रोल एमओके निवडून तोच पासवर्ड द्यायचा.

हे सगळं मशीन पुसण्याआधी कळू शकतं. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मिंट चढवून त्यावरूनच कॉम्प्युटर सुरू करावा, हार्ड डिस्कला हात लागत नाही. वाय-फाय, आवाज, कॅमेरा तपासावा, लॅपटॉप झोपवून परत उठवून पाहावा. फार जुनं ३२-बिट मशीन असेल तर आधी विचार करावा, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन-१३ ने अशा मशीनवर नव्याने टाकण्याची सोय काढून टाकली आहे.

ज्यांचा सगळा हिशेब टॅलीवर आहे त्यांनी मात्र या फंदात पडू नये. टॅलीप्राइम विंडोजसाठीच आहे. आधारसाठी बोटाचं मशीन वापरणाऱ्यांनी त्याची आरडी सर्व्हिस लिनक्सवर चालते का, ते विकणाऱ्याकडून आधीच पक्कं करून घ्यावं. एकच कॉम्प्युटर असेल तर एका भागात विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकता येतं. त्याआधी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करावं, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या फायली नुसत्या दिसतात, सेव्ह होत नाहीत.

बारावीत ७५ टक्के मिळवून राज्य सरकारचे लॅपटॉपसाठीचे २५ हजार हाती आलेल्या मुलांनी दुकानात जाताना तोच पेन ड्राइव्ह खिशात ठेवावा. पैसे देण्याआधी डेमोच्या लॅपटॉपला तो लावून दाखवा म्हणावं. दहा मिनिटांचं काम आहे.