पीटीच्या तासाला दप्तरं राखणारी पोर

गटाच्या कामाने आम्ही गावोगाव फिरतो, तेव्हा शाळेवरूनही जाणं होतं. पीटीच्या तासाला सगळी मुलं मैदानावर आणि कमी दिसणारी एखादी पोर व्हरांड्यात सगळ्यांची दप्तरं राखत बसलेली, हे आम्ही बऱ्याच ठिकाणी पाहिलं. 'पडली-बिडली तर?' असं शिक्षक म्हणतात. घरचेही तेच म्हणतात. पण जिला दिसत नाही, तिलाच तर तोल सांभाळायची, अंदाज घ्यायची सवय जास्त लागते. ती बसून कशी येणार?

खर्च फारसा नाही. चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली की सरपटताना त्याचा आवाज येतो. फक्कीच्या रेषेवर सुतळी जमिनीलगत ताणून बांधली की अनवाणी पायाला रेषा कळते. धावताना सोबतीला एक मैत्रीण, दोघींच्या हातात एकाच रुमालाची दोन टोकं. सोबतिणीने ओढायचं नाही, बरोबरीने धावायचं आणि वळण आलं की सांगायचं. सरांनीही 'इकडे ये, असं कर' म्हणू नये. 'उजवीकडे चार पावलं' म्हणावं.

गोलबॉल नावाचा खेळ १९४६ साली महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी निघाला. दोन्हीकडे तीन-तीन खेळाडू, चेंडूत घुंगरं आणि सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी. त्यामुळे दिसणारी मुलंही त्यात खेळू शकतात. बघणाऱ्यांनी मात्र गप्प बसायचं. आपल्या गावात हेच सर्वांत अवघड! आपल्या अंध महिला क्रिकेट संघाने तर २०२३ साली बर्मिंगहॅमला ऑस्ट्रेलियाला हरवून सुवर्णपदक आणलं.

एक काळजी घ्यायची. डोळ्याचा पडदा कमजोर असेल किंवा चष्म्याचा नंबर फार मोठा असेल, तर उड्या आणि डोक्याला बसणारे धक्के बाधू शकतात. काय चालेल, काय नाही, हे डोळ्यांच्या डॉक्टरांकडून लिहून आणा आणि सरांना द्या. त्या चिठ्ठीवरून सगळाच खेळ बंद करू देऊ नका.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम १६ मध्ये शाळेने खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी, असं स्पष्ट लिहिलं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. त्यांतल्या कितीतरी जणी आपल्याच गटांतल्या आहेत. पुढच्या सभेला हा विषय लेखी द्या, आणि सही करण्याआधी तो इतिवृत्तात आला का, ते वाचून घ्या.